चार बोटं पाणी

“काकू, तुमचं वजन किती?”

टेक्सासमधल्या प्लेनोहून खणखणीत आवाज आला. “का गं बाई? विमानात बसवणार आहेस का तराजूत?”

हा प्रश्न मी गेली अकरा वर्षं लोकांना विचारतेय. पुरुष पाच किलो कमी सांगतात. बायका विषय बदलतात. एका बाईंनी तर माझी कंपनीकडे तक्रार केली होती. पण माझा नाइलाज असतो. न्यू जर्सीत एडिसनला एका ट्रॅव्हल कंपनीत मी सफारी डेस्क सांभाळते. ओक ट्री रोडवर साड्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना आफ्रिकेतल्या जंगलात पाठवायचं आणि धडधाकट परत आणायचं, हे माझं काम. त्यातही बोत्स्वानातला ओकावांगो नदीचा पाणथळ प्रदेश ही माझी खासियत. तिथे रस्ते जवळजवळ नाहीतच. एका कॅम्पवरून दुसऱ्या कॅम्पवर जायचं ते छोट्या विमानाने, आणि ते विमान मातीच्या पट्टीवर उतरतं. पायलटला माणसांचं आणि सामानाचं वजन आधी कळावं लागतं. सामान माणशी वीस किलो, तेही मऊ पिशवीत. चाकांची बॅग चालत नाही. चाकांच्या बॅगेवरून मी जितकी भांडणं केली आहेत तितकी नवऱ्याशीही केली नाहीत.

“बावन्न किलो,” काकू म्हणाल्या. “साडी धरून.”

मी लिहून घेतलं. कुसुमकाकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. सांगलीकडच्या, कृष्णाकाठच्या एका गावातल्या. काका गेल्यावर मुलाकडे, सुहासकडे, प्लेनोला राहायला आल्या. सुहास आयटीत. आईला ऑक्टोबरमध्ये सफारीला न्यायचं त्याने ठरवलं होतं, दोघंच जाणार होते. सगळं बुक झालं होतं. हा माझा नेहमीचा शेवटचा फोन. ग्रुपमधल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी मी स्वतः बोलते. मुलं आईवडिलांच्या वतीने काहीही भरून देतात. “गुडघे ओके” लिहितात आणि बोत्स्वानातल्या माऊनच्या विमानतळावर व्हीलचेअर शोधत बसतात.

“आणखी काही विचारायचंय का काकू?”

“एकच. पाणी येताना दिसेल ना गं?”

“पाणी?”

“तिथे पाणी चालत येतं म्हणे. कोरड्या वाळूतनं. ते येताना दिसेल ना?”

मी कॅलेंडरकडे पाहिलं. मार्च चालू होता. “काकू, तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाताय. तोवर पाणी येऊन, उतरूनसुद्धा गेलेलं असतं. तुम्हीच फॉर्मवर लिहिलंय, पूर नको म्हणून.”

“मग? पूर कशाला हवा? पुरात काय सोनं असतं? मला पाणी येताना बघायचंय.”

मी काकूंचा फॉर्म पुढे ओढला.

हा फॉर्म म्हणजे माझा अभिमान. कंपनीचा मूळ फॉर्म इंग्रजीत. आपली वडीलधारी माणसं त्यावर मुलगा सांगेल तिथे सही करतात. म्हणून मी स्वतः बसून तो मराठीत केला होता. औषधं, पथ्य, पायऱ्या चढता येतात का, सगळं. नववा प्रश्न होता, “पुराच्या काळात प्रवास चालेल का?” काकूंनी त्यापुढे स्वतःच्या अक्षरात “पूर नको” लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

आमच्या धंद्यात ‘फ्लड’ हा शब्द लाडका आहे. ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही. वाळवंटात पसरते आणि जिरून जाते. पाऊस पडतो वरती, अंगोलाच्या डोंगरांत. ते पाणी सपाट जमिनीवरून रमतगमत यायला महिने लागतात. खाली बोत्स्वानात पोचतं तेव्हा तिथे हिवाळा असतो, कोरडा ठणठणीत, आकाशात ढगाचा तुकडा नाही. आणि अशा कोरड्या दिवसांत सुकलेल्या ओढ्यात पाणी येतं. हळूहळू, माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश. याला सगळे फ्लड म्हणतात आणि याच्यासाठी जगभरातून माणसं येतात.

मी फ्लडचं मराठी केलं, पूर. मी यवतमाळची. आमच्याकडची नदी आठ महिने धोंड्यांची असते. पूर हा शब्द मी पेपरात वाचलेला. शब्दकोशात बरोबर असलेला शब्द माणसाच्या तोंडात बरोबर असेलच असं नाही, हे मला कळायला हवं होतं. कळलं नव्हतं. उलट “पूर नको” वाचून मी तत्परतेने ऑक्टोबर दिला होता आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

“काकू, तुमच्याकडे नदीला पाणी वाढलं की काय म्हणतात?”

“पाणी आलं म्हणतात. पाणी चढलं, पाणी उतरलं. पूर म्हणजे घरं घेऊन जातो तो. त्याचं नावसुद्धा घेत नाही आम्ही.”

मग त्या सांगत गेल्या.

काका पाटबंधारे खात्यात गेज रीडर होते. नदीच्या काठाला फूट आणि इंच रंगवलेली पट्टी असते. तिच्यावरचा आकडा वाचायचा आणि वरच्या ऑफिसला कळवायचा. एरवी दिवसातून दोनदा. पाणी चढायला लागलं की दर तासाला. म्हणजे सगळं गाव नदीपासून लांब पळत असे तेव्हा हा माणूस नदीकडे जात असे. चार-चार दिवस घरी येत नसे. काकू लहानग्या सुहासला घेऊन उंचावरच्या शाळेत जायच्या. शाळेत सगळं गाव. नवरा कुठे आहे, आहे की नाही, काही कळायला मार्ग नाही.

“मग निरोप यायचा,” काकू म्हणाल्या. “नदीकडनं येणाऱ्या कुणालाही ते सांगायचे, आमच्या घरी सांगा, बेचाळीस फूट. बास. ‘मी बरा आहे’ नाही, ‘जेवलीस का’ नाही. बेचाळीस फूट. पण आकडा आला म्हणजे माणूस आहे, एवढं मला कळायचं. मग मी जेवायची.”

मी “हं” म्हणाले.

“एकदा त्यांच्या खात्यात कुणी साहेब परदेशात जाऊन आला होता. त्याने स्लाइड दाखवल्या. त्यात ही तुझी नदी. तेव्हापासून यांच्या डोक्यात बसली ती. म्हणायचे, कुसुम, तिथे पाणी चालत येतं, वर पाऊस नाही, वारा नाही, आणि माणसं पळत नाहीत, बघायला उभी राहतात. असलं पाणी एकदा तुला शेजारी उभी करून मोजीन. तीस वर्षं म्हणत होते. आमच्या संसारात पाणी आलं की ते तिकडे आणि मी इकडे. शेजारी उभं राहून बघितलेलंच नाही गं कधी.”

“पुढच्या वर्षी जूनमध्ये जाऊ या का काकू? मी स्वतः नीट बघून बुक करते.”

“पुढच्या वर्षीचं डोळ्यांना विचार. मधलं दिसेनासं झालंय. कडेकडेचं दिसतं. डॉक्टर डोळ्यात सुया देतात, पण किती राहील ते सांगत नाहीत. सुहास एक शब्द बोलत नाही आणि मी विचारत नाही.”

फोन ठेवून मी समोर पाहिलं. समोरच्या भिंतीवर ओकावांगोचं पोस्टर आहे, निळं पाणी आणि त्यात हत्ती. अकरा वर्षं मी ते पाणी विकतेय. मी ते कधी पाहिलेलं नाही. आधी व्हिसाची भानगड, मग मुलीचं कॉलेज, आणि आता तर साधं गणित आहे: पाणी येतं तोच आमचा सीझन, आणि सीझनमध्ये माझी खुर्ची हलत नाही. मला त्या पाण्याची ओढ आहे, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. मिठाईच्या दुकानदाराने मिठाईकडे बघून तोंडाला पाणी सुटू देऊ नये, तसं आहे ते. पण काकूंचा फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

मग मी सुहासला फोन लावला.

“मंजिरीताई, प्लीज,” तो म्हणाला. “आईला फ्लड झेपणार नाही. टीव्हीवर पुराची न्यूज लागली ना, की ती रडायला लागते. लहानपणी आम्ही शाळेत राहिलोय दिवसच्या दिवस. आय रिमेंबर. ट्रॉमा आहे तो.”

“त्यांनी स्वतः मागितलंय सुहास.”

“ती काहीही मागते. आणि जून एंडला माझं गो-लाइव्ह आहे. ऑक्टोबर अप्रूव्ह करून घ्यायलाच मला किती पापड बेलावे लागले.” गो-लाइव्ह म्हणजे नवीन सिस्टिम चालू होण्याचा दिवस. त्या दिवशी टीममधल्या माणसाने मरायलासुद्धा परवानगी काढावी लागते.

मी म्हटलं, “एक विचारू? बेचाळीस फूट म्हणजे काय, आठवतं का?”

“हो. शाळेत कुणीतरी येऊन सांगायचं. दॅट वॉज द वर्स्ट पार्ट. पाणी वाढलंय असं कळायचं आणि आई रडायची.”

“आणि मग काय करायची?”

“मग…” तो आठवत राहिला. “मग ताट वाढून घ्यायची. हो. जेवायची. मला मांडीवर घेऊन. मला वाटायचं, एवढं वाईट ऐकून ही जेवते कशी.”

“वाईट नव्हतं ते. बाबांचा निरोप होता. आकडा आला म्हणजे बाबा आहेत.”

मागे त्याच्या ऑफिसात कुणीतरी त्याला हाक मारत होतं. “हे तिने मला कधी सांगितलं नाही,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही डेट्स बघा. मी मॅनेजरशी बोलतो. नाही म्हणाला तर, यार, बघू काय ते.”

आता माझा मॅनेजर उरला होता. केतनभाई माणूस चांगला, पण कन्फर्म झालेल्या बुकिंगला हात लावायचं म्हटलं की त्याचं ब्लड प्रेशर वाढतं.

“मंजिरी, ऑक्टोबर कन्फर्म्ड है ना? कन्फर्म्ड को क्यों छेड़ना?”

“चूक माझी आहे. फॉर्ममध्ये शब्द चुकला.”

“कौनसा शब्द?”

मी सांगितलं. त्याने मराठी फॉर्म हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला, जणू त्यातून आता पाणी गळणार आहे. “एक शब्द के लिए पूरा ट्रिप?” तो म्हणाला. मग स्वतःच हात उडवून म्हणाला, “कर. लेकिन जून का कुछ मिलेगा नहीं. तू भी जानती है.”

जाणत होते. जून-जुलैचे तंबू वर्षभर आधी भरतात. मी माऊनच्या लेसेगोला मेल टाकला. लेसेगो आमच्या तिथल्या पार्टनर कंपनीत बुकिंग बघते. अकरा वर्षांची आमची मैत्री, भेट एकदाही नाही. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. नदीवरचे सगळे चांगले कॅम्प फुल. एकाच ठिकाणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवसांसाठी एक तंबू रिकामा होता. दक्षिणेच्या टोकाला, जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं. तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, हा तंबू मी तुला देणार नाही, कारण समोरचा ओढा तेव्हा कोरडाच असतो, पाहुणे वाळू बघून नाराज होतात आणि मग तू मला रागावतेस.

मी मेल तीनदा वाचला. मग तिला फोनच केला. “लेसेगो, तो ओढा कोरडा आहे ना? नक्की कोरडा आहे?”

“आज तरी हाडासारखा कोरडा आहे. तू ठीक आहेस ना, मंजिरी?”

“मला तोच तंबू हवा.”

सगळी हकिगत ऐकल्यावर ती हसली नाही. तिची आजी त्याच नदीकाठची. तिने एवढंच सांगितलं, की कधी पाणी आठवडाभर आधी येतं, कधी दोन आठवडे उशिरा, एखाद्या वर्षी त्या ओढ्यापर्यंत पोचतच नाही. “आपण तंबू बुक करतो,” ती म्हणाली. “पाणी बुकिंग घेत नाही.”

हे काकूंना सांगणं भाग होतं. मी शब्द जुळवत बसले. कोणतीही हमी नाही, निसर्गाचा मामला, निराशा होऊ शकते वगैरे. काकूंनी मला मध्येच थांबवलं.

“मंजू, अगं, गेज रीडरच्या बायकोला सांगतेस होय, पाणी सांगून येत नाही म्हणून?”

जूनच्या शेवटी दोघं निघाले. डॅलस, अटलांटा, जोहान्सबर्ग, माऊन, आणि तिथून ते छोटं विमान. सुहासच्या मॅनेजरने रजा दिली की सुहासने घेतली, ते मी विचारलं नाही. काकूंची पिशवी मऊ होती, वजनाला अकरा किलो. माझ्या अकरा वर्षांतली ती सगळ्यात शहाणी बॅग.

पहिल्या दिवशी लेसेगोचा मेसेज आला. पोचले, खूश आहेत, ओढा कोरडा. दुसऱ्या दिवशी, सकाळी चौदा हत्ती पाहिले, ओढा कोरडा. पाण्याचं टोक वरच्या वळणावर आहे म्हणतात, उद्या येईल किंवा पुढच्या आठवड्यात. सुहासचा वेगळा मेसेज होता. आई हत्तींकडे बघतच नाहीये, वाळूकडे तोंड करून खुर्ची टाकून बसलीये, गाइडने तिला स्वतःची शाल दिली.

तिसरा दिवस शेवटचा. चौथ्या दिवशी सकाळी विमान. मी सकाळी ऑफिसात आले, लोकांचे फोन घेतले, एका गृहस्थांना चाकांच्या बॅगेवरून समजावलं. लक्ष सगळं त्या कोरड्या ओढ्यात. आमच्यात आणि तिथे सहा तासांचं अंतर. इथे नऊ वाजले म्हणजे तिथे तीन. दहा म्हणजे चार. हिवाळ्यात तिथे दिवस लवकर मावळतो. दहा वाजले तेव्हा मी मनातल्या मनात काकूंची समजूत काढायची वाक्यं तयार करायला लागले होते. खरं तर ती वाक्यं मलाच हवी होती.

साडेदहाला सुहासच्या फोनवरून व्हॉइस मेसेज आला.

आधी नुसता आवाज. सुकलेल्या गवतात काहीतरी सरसरतंय. बारीक बारीक बुडबुडे फुटल्यासारखे. कोरड्या जमिनीतली हवा बाहेर पडते त्याचा तो आवाज, हे मी लोकांना ब्रोशरमधून सांगत आलेय. ऐकला तेव्हाच पहिल्यांदा. कुठेतरी पक्षी ओरडत होते. मग सुहास म्हणाला, “आई, बोल ना.” मग काकू.

“मंजू, पाणी आलं गं. चालत आलं. पुढे किडेमुंग्या पळतायत आणि मागनं बगळे. मी बसले होते तिथपर्यंत आलं. इथल्या दादाने काठी रोवून दिली आहे, पण मला तिच्यावरच्या खुणा दिसत नाहीत. म्हणून हात लावून बघितला.” थोडं थांबल्या. “लिहून घे. चार बोटं.”

मी खरोखरच लिहून घेतलं. समोर कुणाचा तरी फॉर्म पडला होता, त्याच्या पाठीवर.

केतनभाई दारात येऊन उभा होता. “क्या हुआ? कम्प्लेंट?”

“नाही,” मी म्हटलं. “रीडिंग आलंय.”

संध्याकाळपर्यंत तिथे वीतभर झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमानात बसण्याआधी गुडघ्याच्या खाली दोन बोटं. तेही मला कळवण्यात आलं. सुहासने नंतर सांगितलं, की शेवटच्या सकाळी आई त्याला पाण्याच्या काठावर घेऊन गेली, शेजारी उभं केलं आणि म्हणाली, हे तुझ्या बाबांचं राहिलं होतं. दोघं बराच वेळ तिथे होते. पायलटला थांबावं लागलं. पायलट थांबला, ही त्या धंद्यात न होणारी गोष्ट आहे.

याला आता तीन वर्षं झाली. माझ्या फॉर्ममधला नववा प्रश्न मी बदलला. “तुमच्या गावी नदीला पाणी वाढतं तेव्हा काय म्हणतात?” असं विचारते, आणि पुढे दोन ओळी मोकळ्या सोडते. केतनभाईला त्या प्रश्नाचा उपयोग अजून समजलेला नाही. धडा म्हणाल तर एवढाच, की फॉर्म माणसाला भरू द्यावा, माणसाने फॉर्ममध्ये मावावं असा हट्ट धरू नये. आणि वजन मात्र खरं सांगावं.

मी अजून गेलेले नाही. पोस्टर तिथेच आहे. जून आला की कशातच जीव लागत नाही, एवढं खरं.

काकूंना आता बहुतेक दिसत नाही. त्या प्लेनोलाच आहेत. जून संपत आला की दर वर्षी त्यांचा फोन येतो, सकाळी, जेवणाच्या थोडा आधी. मी लेसेगोला आधीच विचारून ठेवते. लेसेगो त्या कॅम्पवर विचारते. कॅम्पवरच्या त्या दादाने काठी अजून काढलेली नाही.

यंदाही फोन आला. “आलं का गं?”

“आलं काकू. काल दुपारी. तीन बोटं.”

“तीन,” त्या म्हणाल्या. मग आत कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं, “सुहास, वाढ रे मला. आकडा आला.”